लेकुरवाळी

घाटात गाडीरस्ता नव्हता, खिंडीतून जेमतेम एक बैलजोडी जायची, तेव्हाची ही गोष्ट. तांबेघळ गावात सटवाजी ओतारी राहायचा. त्याने ओतलेल्या घंटेचा नाद सात गावं ऐकायची, असं म्हणतात. सात नसतील, तीन धरा, पण ऐकायची.

एका वर्षी परकी फौज घाटाखाली येऊन बसली. गडावरच्या तोफा अजस्र, त्या खिंडीत उतरणार कशा? दोन बैलांनी ओढावी एवढी हलकी तोफ कर, असं किल्लेदाराने सटवाजीला सांगितलं. सटवाजीने घाई केली. साचा ओला राहिला आणि पहिल्याच बाराला तोफ फुटली. तिचे तुकडे दरीत गेले आणि सटवाजीचा उजवा कान कायमचा गेला.

आता धातू आणायचा कुठून? गावच्या बायकांनी घरातली भांडी आणून भट्टीपुढे ढीग घातला. सगळ्यांत शेवटी येसूआजी आली. तिच्या पदराखाली काशाची एक वाटी होती. तिची एकुलती लेक देवीच्या साथीत गेली, ती या वाटीत दूधभात खायची.

"लेकीची एवढीच खूण हाय रं माझ्यापाशी," आजी म्हणाली. "परत देशील न्हवं?"

"देईन, आजी," सटवाजी म्हणाला.

या वेळी त्याने साचा एकवीस दिवस वाळवला. घरोघरची भांडी पोटात घेतली म्हणून बायकांनीच नव्या तोफेचं नाव लेकुरवाळी ठेवलं. तिने तीन दिवस खिंड धरली. बैल दमून बसले तेव्हा ती आपली आपण चढ चढली, असं म्हणतात. तिच्या प्रत्येक बारामागून भांडी आपटल्याचा आवाज यायचा, गावातल्या साऱ्या बाया एकदम चिडल्यासारखा. फौजेने त्याचीच धास्ती घेतली आणि चौथ्या दिवशी तळ उठवला.

किल्लेदार म्हणाला, तोफ गडावर न्या. सटवाजी हटून बसला.

"लागली तर पुन्हा ओतीन, सरकार. आधी ज्याचं त्याला जाऊ द्या."

किल्लेदाराने डोळे वटारले, पण सटवाजीमागे उभ्या राहिलेल्या बाया पाहून तो तोफेविनाच गडावर परत गेला. लेकुरवाळी वितळवून सटवाजीने पुन्हा भांडी ओतली आणि ती घरोघर परत गेली. वाटी मात्र सटवाजी स्वतः येसूआजीकडे घेऊन गेला.

आजीने ती उलटसुलट केली, बोटाने वाजवून पाहिली.

"ही माझ्या लेकीची न्हवं रं."

सटवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हवंच, आजी. समदा धातू एक झाला. तिची वाटी आता गावच्या भांड्याभांड्यात गेली. तू कुणाच्याबी घरी जेव, तिच्याच वाटीत जेवशील."

आजीने वाटी पदराखाली घेतली. मग उठली, शेजारच्या घरी गेली आणि पाटावर बसत म्हणाली, "वाढ गं, लेकीकडं जेवाय आलीया."

सटवाजी गेला, आजी गेली, खिंडीतून आता एसटी जाते. भांडीही स्टीलची झाली. तरी तांबेघळात प्रत्येक घराने एक जुनं भांडं जपलं आहे. गावात एखादी म्हातारी एकटी उरली की ती कुठल्याही दारात जाते आणि ते भांडं बोटाने वाजवते. घरची सून काही विचारत नाही. "या आई," म्हणते आणि पाट मांडते. त्याला अजून सटवाजीची पंगत म्हणतात.