तांबड्याची पिलं

“उतरतो की नाही, एवढं एकच सांगा. उपदेश नको.”

केरबानं डोक्यावरची पाटी दर्ग्याच्या ओट्यावर आदळली. वर बांधलेल्या फडक्याखाली फडफड झाली आणि एका फटीतून पिवळी चोच बाहेर आली.

दस्तगीरबाबा सुपात जोंधळे निवडत होते. माळावरच्या या लहानशा दर्ग्यात लोक नवसाचे कोंबडे जिवंत आणून सोडत, आणि चाळीस वर्षं बाबाच त्यांना सांभाळत आले होते. कोंबडं बिघडलं की लोक त्यांच्याकडे येत. घर बिघडलं तरी येत.

“काय उतरतो?” बाबांनी वर न बघताच विचारलं.

“राग. कोंबड्याचा राग त्याच्या पिलांत उतरतो का?”

“उतरतो.”

केरबा तसाच उभा राहिला. हे उत्तर त्यानं धरलंच नव्हतं. बाबा ‘नाही’ म्हणतील, मग तडक बोरगावला जायचं, सासऱ्याच्या दारात उभं राहून सांगायचं, की दस्तगीरबाबासुद्धा नाही म्हणतात, आणि बायकोला घेऊन यायचं, असं तो वाटभर घोकत आला होता.

“नीट ऐकलंत का? मी काय विचारलं?”

“ऐकलं. उतरतो.”

“मग माझ्या पोराचं आत्ताच ठरलं म्हणा की!”

बाबा जोंधळे निवडत राहिले…

गोष्ट अशी होती. पाटीतला तो कोंबडा, तांबड्या, केरबाच्या घरचा. अंगणात घरचं-दारचं कुणीही आलं की तो तीरासारखा धावून जाई. केरबाची बायको सुंदरा सातव्या महिन्यात होती. चार दिवसांपूर्वी जेवण वाढायला उशीर झाला म्हणून केरबानं पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या दिशेनं भिरकावला. तो तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला.

सुंदरा रडली नाही. तिनं त्याचा हात धरून त्याला अंगणात नेलं. तांबड्याची सहा आठवड्यांची पिलं तिथं माना फुगवून एकमेकांच्या डोळ्यांवर झेप घेत होती. ती म्हणाली, “बघा. बाप तसा, पिलं तशी. तुमच्या बापानं पाण्याच्या पाळीवरून माणसाचं डोकं फोडलं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही माझं फोडत होता. माझं पोर कुणाचं फोडणार?”

एवढं बोलून ती माहेरी निघून गेली.

त्या प्रश्नानं केरबा चार दिवस आतून जळत होता. तिच्यावर चिडला, सासऱ्यावर चिडला, मेलेल्या बापावर चिडला. आता हा म्हातारा!

“चाळीस वर्षं इथं बसून एवढंच शिकलात?” तो ओरडला. “लोक काय म्हणून पाया पडतात तुमच्या?”

“ते त्यांना विचार.”

केरबानं पाटीला लाथ घातली.

फडकं सुटलं. तांबड्या बाहेर उसळला आणि समोर बसलेल्या बाबांवरच तुटून पडला. त्याच्या पायाचा काटा बाबांच्या नडगीत घुसला. धोतरावर रक्ताचा डाग पसरला.

केरबाला दुसरं काही दिसलं नाही. खांबाला टेकवलेली बाबांची काठी त्यानं उचलली, दोन्ही हातांनी वर नेली आणि सगळ्या ताकदीनं खाली आणली.

बाबांनी हात मध्ये घातला होता.

काठीचा आवाज कोंबड्यावर पडल्यासारखा आला नाही…

केरबाच्या हातातून काठी गळाली. “बाबा… बाबा, मी त्याला मारत होतो. तुम्हाला नाही. माफ करा, मी…”

“माफी नंतर माग!” बाबा गरजले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. “धर त्याला आधी!”

“तुमचा हात…”

“हात माझा आहे, मी बघेन. धर म्हणतो ना!”

केरबा कोंबड्यामागे धावला. दोनदा तो निसटला. तिसऱ्यांदा केरबानं त्याला भिंतीच्या कोपऱ्यात गाठलं. तांबड्यानं मनगटाचं कातडं सोललं, अंगठ्यावर चोच मारली.

“काखेत घे. पंख अंगाशी. पाय खाली लोंबू दे. आता सोडायचं नाही.”

केरबानं काख आवळली.

“आणि दाबायचंही नाही!”

“मग धरू कसा?”

“तसाच.”

ऊन चढलं. कोंबड्याचं काळीज केरबाच्या बरगडीवर धाडधाड आदळत होतं. तो मान वळवून वळवून टोचत होता. प्रत्येक टोचीला केरबाला वाटे, एकच पीळ दिला की मान तुटेल. किती सोपं होतं ते! त्याचे दात एकमेकांवर घासत होते.

बाबा ओट्यावर बसून सुजलेल्या हाताला ओलं फडकं गुंडाळत होते. चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता.

“तुम्हालाही राग येतो?” केरबानं विचारलं.

“हिरवी चादर पांघरली की राग मरतो असं वाटलं का तुला? तीच काठी उचलून तुझ्या पाठीत घालावी असं वाटतंय मला आत्ता.”

“मग घाला की!”

बाबांनी फडक्याची गाठ दातांनी ओढली…

“हा अंगावर आला की घरी काय करतोस?” त्यांनी विचारलं.

“लाथ घालतो.”

“मग?”

“मग दुप्पट येतो.”

“पिलं कुठं असतात तेव्हा?”

पिलं तिथंच असत. पायाशीच.

“तुझ्या बापानं त्या माणसाला मारलं तेव्हा तू कुठं होतास?”

“बांधावर.”

“केवढा होतास?”

“नऊ वर्षांचा.” केरबाचा आवाज फाटला. “फावड्याचा दांडा होता. मी सगळं बघत होतो. बाप घरी आला, हात धुतले आणि जेवायला बसला. मला म्हणाला, बाहेर कुणाला बोललास तर तुझंही तसंच करीन. मला कुणी काही विचारलं नाही, बाबा. आजवर कुणीच विचारलं नाही!”

शेवटचं वाक्य त्यानं इतक्या मोठ्यानं म्हटलं की ओट्यावरच्या कोंबड्या बिचकून उडाल्या. काखेतला तांबड्याही थरथरला, पण त्यानं टोचलं नाही. त्याची मान हळूहळू खाली आली आणि केरबाच्या कोपरावर टेकली.



“सोड आता,” बाबा म्हणाले.

केरबानं वाकून त्याला जमिनीवर ठेवलं. तांबड्यानं पिसं झटकली, दोन पावलं चालला आणि सांडलेले जोंधळे टिपू लागला.

केरबा बघतच राहिला. “सुधारला हा!”

“उद्या सकाळी परत अंगावर येईल.”

“परत?”

“परत. मग तू परत धर.”

“असं किती दिवस?”

“मी कुठं मोजले?”

केरबाच्या कपाळाची शीर पुन्हा तटतटली. “म्हणजे हा बदलणार नाही. पिलांत उतरायचं ते उतरणारच. मग धरून उपयोग काय? मान मुरगाळून मोकळं झालेलं बरं!”

“मुरगाळ.”

बाबांनी चांगल्या हातानं कोंबड्याकडे बोट केलं. तांबड्या केरबाच्या पायाशीच दाणे टिपत होता. केरबा खाली वाकला. त्याची बोटं कोंबड्याच्या मानेपर्यंत गेली… आणि मानेखालून पुढं जाऊन छातीशी थांबली. त्यानं तांबड्याला उचललं आणि परत काखेत घेतलं. पंख अंगाशी. पाय खाली.

आपण असं का केलं, ते त्याला कळलं नाही. त्याचाही त्याला राग आला.

त्यानं पाटी उचलली, पण कोंबड्याला तिच्यात घातलं नाही. ओट्याच्या पायरीशी जाऊन तो थांबला. इथून एक वाट घरी जात होती, एक बोरगावला.

“सुंदराला काय सांगू?” मागं न वळताच त्यानं विचारलं. “तुम्ही तर उतरतो म्हणालात.”

“मग तेच सांग.”

“ती दार लावून घेईल माझ्या तोंडावर.”

“लावू दे.”

“आणि मी?”

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. एका हातानं ते नीट धरता येईना. केरबाच्या रक्ताळलेल्या मनगटांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

“पुढं बोलू नकोस काही. दार उघडेल तेव्हा हे हात दाखव.”