सातवी स्लाइड

एकदा एका तरुण प्रोग्रॅमरला आपल्या शहरातल्या मीटअपमध्ये भाषण द्यायचे होते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात तीस-चाळीस प्रोग्रॅमर जमत आणि कोण बोलणार हे एक निवृत्त शिक्षक ठरवीत. वयाने वृद्ध, स्वभावाने मितभाषी. सगळे त्यांना सर म्हणत.

तरुणाने प्रस्ताव पाठवला : 'मी पाहिलेला सर्वांत वाईट कोड'. एका रक्तपेढीचा जुना प्रोग्रॅम दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. त्यात चार मोठे दोष होते. तीन त्याने सोडवले. चौथा काही केल्या सुटेना, म्हणून प्रस्तावात त्याने तीनच दोष लिहिले आणि चौथ्याची स्लाइड केलीच नाही.

सरांनी तालमीसाठी घरी बोलावले. सहा स्लाइड त्यांनी शांतपणे ऐकल्या. सातवीवर तो जुना कोड होता आणि सगळा विनोदही तिथेच होता.

"एकात एक नऊ जर-तरच्या अटी, नुसता चक्रव्यूह," तरुण म्हणाला. "लिहिणाऱ्याला संध्याकाळी स्वतःचं घर तरी सापडत होतं का?"

सर उठले, बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले आणि आठवी स्लाइड लागल्यावर परत येऊन बसले.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी तेच झाले. तिसऱ्या वेळीही. तरुणाचा धीर सुटला.

"सर, विनोद फसतोय का? तसं सांगा ना, दुसरा घालतो."

"विनोद चांगला आहे. लोक हसतील. त्या ओळी कुणी लिहिल्या ते पाहिलंस?"

"त्याने काय फरक पडतो?"

"बघ तरी."

प्रत्येक ओळ कुणी आणि केव्हा लिहिली याची नोंद अशा कामात राहतेच. तरुणाने ती कधी उघडली नव्हती. दुरुस्तीची घाई होती. आता उघडली. नऊही अटींपुढे एकच नाव होते, विभावरी. सगळे लिखाण अकरा दिवसांतले. प्रत्येक बदलाखाली एखादी टीप : 'आज एवढेच बसवले.' 'सलाईन काढल्यावर पुढचे.' आणि शेवटची : 'तिघांना तात्पुरते ठिगळ लावले, चौथा राहिला.' त्यानंतर काहीच नव्हते.

घर सापडत होते का, हे आपलेच वाक्य तरुणाला आठवले. त्याने लॅपटॉप अर्धा मिटला.

सर म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी तिनेही मला प्रस्ताव पाठवला होता. रक्तपेढीसाठी लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये चार दोष आहेत, मला दिसतात पण सुटत नाहीत, सगळ्यांसमोर मांडू का? मी कळवलं, आधी सोडव, मग बोल. ती आजारी आहे हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही; ती गेल्यावर कळलं. चाळीस माणसं तिच्याबरोबर बसली असती, ती एकटी बसली. तू ज्याला हसतोस ना, ते तिचं एकटेपण आहे. मला ते ऐकवत नाही. आणि तुला थांबवायला जीभ रेटत नाही. एकदा एकीला थांबवलंय मी."

तरुणाने लॅपटॉप पुन्हा उघडला. मग म्हणाला, "सर, चौथा मलाही सुटलेला नाही. मी लपवलाय तो."

"ठाऊक आहे. प्रस्तावात तीनच मोजलेस, तेव्हाच कळलं."

रविवारी भाषणाचे शीर्षक बदललेले होते : 'चौथा दोष'. सातव्या स्लाइडवर तरुणाने सरांकडून घेतलेला विभावरीचा प्रस्ताव तिच्याच शब्दांत वाचला. मग तो दोष फळ्यावर मांडून म्हणाला, "हा आम्हा दोघांनाही सुटला नाही. तुम्ही बघता का?"

कुणी हसले नाही. मागच्या रांगेत एकीने वही उघडली. दोघांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

सर पहिल्या रांगेत होते. त्या दिवशी ते उठले नाहीत.

आपणही कधी कुणाला 'आधी पूर्ण कर, मग ये' असे सांगितले असेल, तर त्याला आजच फोन करावा.