काळ्या खिडकीची मेहेरबानी

प्रोग्रामांना बोलता येत होतं, त्या काळची ही गोष्ट. एका कॉम्प्युटरच्या दारात काळी खिडकी बसायची. हुकूम लिहून प्रोग्राम सुरू करायचे, हे तिचं काम. कुणी किती मेमरी खायची, तेही तिनं त्याच हुकुमात लिहायचं. प्रोग्राम एकदा आत शिरला की मर्यादा बदलता येत नसे. घड्याळाला ती चिमूटभर द्यायची, गाणी लावणाऱ्याला मूठभर. कुणी कुरकुरलं की खेकसायची, "धर्मशाळा वाटली का ही?"

एके दिवशी सिनेमाचे तुकडे जोडणारा ढेरपोट्या प्रोग्राम आला. त्यानं आधी वाकून नमस्कार केला. "ताईसाहेब, मर्यादा असल्या फुटकळ लोकांना ठीक आहेत. आपला हात काय एवढाच आहे?"

आजवर तिला कुणी ताईसाहेब म्हटलं नव्हतं. खिडकी फुलून गेली. कॉम्प्युटरमध्ये मेमरी होती सगळी मिळून चार जीबी. बाईंनी ऐटीत लिहिले आठ.

ढेरपोट्या आत शिरला आणि खात सुटला. गाणं कडव्यातच अडकलं, घड्याळ थांबलं, माऊसचा बाण पडद्यावर थिजला. खिडकीला घाम फुटला. ती 'थांब' असा हुकूम लिहायला गेली, तर एक अक्षर मावेल एवढीही मेमरी उरली नव्हती.

"मेल्या, सगळ्यांचं खाल्लंस!" ती कशीबशी पुटपुटली. "आता तरी पुरे कर."

"पुरे कसं?" भरल्या तोंडानं ढेरपोट्या म्हणाला. "ताईसाहेब, तुम्ही लिहून दिलेल्यातलं अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही."