काळगोट्याची कढी

वैनगंगेपलीकडे काळगोटा नावाचं कासारांचं गाव आहे. मागचा डोंगर करड्या दगडाचा, त्यात पांढऱ्या गारगोटीच्या शिरा, शिरांच्या कडेला अभ्रकाची चमचम. पाहुणे आले की म्हातारे सोनबा कासार त्यांना त्या शिरांपाशी नेतात.

म्हणे, पृथ्वी तापलेली होती तेव्हा हा डोंगर कढईतल्या रसासारखा उकळत होता. निवता निवता ज्या दगडाला जे हवं ते त्यानं घेतलं. शेवटी थोडा रस उरला. तो कुणालाच नको होता. बिचारा भेगाभेगांतून वर चढला, गारगोटीनं आणि अभ्रकानं सरकून जागा दिली, तिथंच काळा खडा होऊन बसला.

पुढं या गावात साळू नावाची सून आली. त्या वर्षी कल्हईचं कथील आणणारा व्यापारी फिरकलाच नाही. कथील पांढरं, तेव्हा ते पांढऱ्या दगडातच असणार, असं धरून कासारांनी गारगोट्या भट्टीत घातल्या. राखेखेरीज काही निघालं नाही. साळूनं पहिली कढी केली ती बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात. कढी कळकली. जेवणारे सगळे ओकून आडवे झाले.

"हिचा पायगुणच खोटा," सासू तुळजाक्का म्हणाली. "बाजारच्या दिवशी माहेरी पोचवा."

पातेल्याचं कुणी नाव काढलं नाही. पातेलं घरचं होतं ना!

साळू डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर वाळूनं तेच पातेलं घासत बसली. खळबळून पाणी ओतलं की वाळू निघून जाई, पण तळाशी काळे खडे राहत. एवढेसे, पण वजनाला शिशासारखे. पुन्हा खळबळलं, तरी हटेनात.

"तुम्हालाही कुणी जा म्हटलं वाटतं," ती म्हणाली. मग डोंगराकडे बघून तिनं नवस बोलला, "यांना जागा दिलीस, मलाही दे. कढीची पहिली पळी तुझ्या नावाची."

एवढे जड म्हणजे आत धातू असणार, असं धरून सासऱ्याच्या भट्टीत कोळशावर तिनं ते खडे घातले. सासरा हसला, "माहेरचा आहेर का गं?" पण भाता त्यानंच ओढला. निखारे पांढरे झाले आणि खालून चांदीसारखा थेंब ओघळला. सासऱ्याचा हात भात्यावरच थांबला. कथील!

नवसागर टाकून, कापसाचा बोळा फिरवून तिनं पातेल्याला कल्हई केली. पळीभर कढी डोंगराच्या नावानं ओतली, बाकीची पंगतीत आणली. कुणी वाटी उचलेना. नवरासुद्धा पत्रावळीकडे बघत राहिला. साळू पळी धरून तशीच उभी.

शेवटी तुळजाक्कानं वाटी तोंडाला लावली, ती रिकामी करूनच खाली ठेवली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "उद्या नीट घाल."

उद्या! साळूला तेवढा एकच शब्द ऐकू आला, असं सांगतात.

आजही काळगोट्यात नव्या सुनेची पहिली कढी आधी सासू पिते. कढी खारट असो, फुटलेली असो, सासूनं "मीठ कमी आहे, उद्या नीट घाल" एवढंच म्हणायचं. ते ऐकलं की सुनेच्या माहेरची माणसं निश्चिंतपणे गाडी जुंपतात.