लाल मुंगी आणि आग विझवायचं नळकांडं

एक होती लाल मुंगी. जिऱ्याएवढी. राग मात्र कायम नाकावर.

ती राहायची दगडूमामाच्या भटारखान्यात. मामा तिथे बुंदीचे लाडू वळायचा. भिंतीच्या फटीत मुंगीचं घर. घरात मुंगीची बाळं. बाळांना लागली भूक.

मुंगीला सापडला बुंदीचा एक दाणा. तुरु तुरु, तुरु तुरु, मुंगी निघाली घरी.

तेवढ्यात भट्टीतून उडाली ठिणगी. पडली रिकाम्या पोत्यावर. भप्प! पोतं पेटलं. मुंगी पळाली, दाणा राहिला. जाळाने दाणा खाऊन टाकला. वर निघाला फटीकडे. बाळांकडे.

मुंगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जाळा, जाळा, विझ."

जाळ म्हणाला, "मी नाही विझणार. हवा मला भरवतेय. आधी हवेला हटव."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी गेली हवेकडे.

"जाळ विझेना.
हवे, हवे, हट."

हवा म्हणाली, "मी नाही हटणार. जाळावर पांघरूण पडलं, तरच हटेन. आधी भुकटीला उडव."

भुकटी होती लाल नळकांड्यात. नळकांडं होतं भिंतीवर. आग विझवायचं नळकांडं ते. तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी भिंत चढली.

"जाळ विझेना,
हवा हटेना.
भुकटे, भुकटे, उड."

आतून भुकटी म्हणाली, "मी नाही उडणार. मला ना पंख, ना पाय. मागून ढकलायला हवं. आधी वायूला सांग."

वायूही आतच होता. दाबून दाबून कोंडलेला. तोही चिडलेला.

"जाळ विझेना,
हवा हटेना,
भुकटी उडेना.
वायू, वायू, ढकल."

वायू म्हणाला, "मी नाही ढकलणार. ढकलू कुठे? दार बंद. मूठ दबली की दार उघडतं. आधी मुठीला दाब."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी मुठीवर चढली. थयथय नाचली. मूठ ढिम्म.

"जाळ विझेना,
हवा हटेना,
भुकटी उडेना,
वायू ढकलेना.
मुठी, मुठी, दब."

मूठ म्हणाली, "मी नाही दबणार. पिन आडवी आलीय. आधी पिनेला काढ."

पिनेला होतं कुंकू. पिनेवर होता झेंडूचा हार. दसऱ्याचा. पार वाळलेला.

"जाळ विझेना,
हवा हटेना,
भुकटी उडेना,
वायू ढकलेना,
मूठ दबेना.
पिने, पिने, निघ."

पिन म्हणाली, "मी नाही निघणार. सगळे माझी पूजा करतात. ओढत कुणीच नाही. आधी मामाला उठव."

तडतड, तडतड. जाळ फटीजवळ आला.

मुंगी धावत सुटली. दारात दगडूमामा झोपला होता. घुर्रर्र, घुर्रर्र. मुंगी त्याच्या कानात ओरडली,

"जाळ विझेना,
हवा हटेना,
भुकटी उडेना,
वायू ढकलेना,
मूठ दबेना,
पिन निघेना.
मामा, मामा, ऊठ."

मामा झोपेतच म्हणाला, "उठतो, उठतो. थोड्या वेळानं."

थोड्या वेळानं? बाळं तिकडे फटीत, आणि हा म्हणतो थोड्या वेळानं? मुंगी लालेलाल झाली. मामाच्या अंगठ्यावर चढली. आणि चावली. कच्च!

मामा ताडकन उठला. मुंगीवर हात उगारला. तोच समोर दिसला जाळ. मामा धावला. त्याने हार फेकला.

पिन निघाली. खट्.
मूठ दबली. कट्.
वायूने ढकललं. फुस्स्स.
भुकटी उडाली. भस्स्स.

जाळाच्या बुडाशी पडली भुकटी. पांढरं पांढरं पांघरूण. हवा हटली. भरवायला कुणी उरलं नाही. जाळ विझला.

फटीत बाळं चुळबुळली. सगळी होती.

मामा अंगठा चोळत खाली वाकला. "तू चावलीस होय? बरं केलंस."

मुंगीचा राग अजून गेला नव्हता.

"माझा दाणा," ती म्हणाली.

मामाने बुंदीचा दाणा पुढे ठेवला. केशरी. गोड. मुंगीने दाणा उचलला. राग तिथेच ठेवला. जिऱ्याएवढ्या मुंगीला दोन्ही कसं झेपणार? तुरु तुरु, तुरु तुरु, मुंगी गेली बाळांकडे.