सात टक्के हवा

“...आणि हिरव्यात पांढरा किती टाकलास म्हणालास?”

“सात टक्के, मास्तर.”

“सात. साडेसहा नाही?”

“सातच. मोजून टाकलाय.” निरंजन रासनेने हे जरा मान ताठ करूनच सांगितलं.

शांतवन मास्तर दगडावर बसून चहा फुंकत होते. तीस वर्षं त्यांनी हवाई दलाची विमानं रंगवली, खरीखुरी. आता नगरजवळच्या एका माळावर, पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवत. लढाऊ विमानांची छोटी मॉडेलं करणारे हौशी लोक लांबलांबून त्यांच्याकडे रंग विचारायला येत, आणि बहुतेक जण नुसता चहा पिऊन परत जात.

आपण त्या बहुतेकांतले नाही, असं निरंजनचं मत होतं. प्रदर्शनात तो लागोपाठ तीन वर्षं पहिला आलेला. रंग जुळवण्यात याचा हात धरणारा कोणी नाही असं लोक म्हणत, आणि तोही त्यांना फारसं अडवत नसे.

“पण पांढरा कशाला?” मास्तरांनी विचारलं.

“मॉडेल वीतभर लांब. त्याला खरा रंग जसाच्या तसा लावला तर ते काळपट दिसतं. खरं विमान आपण लांबून पाहतो ना, मध्ये हवा असते. ती हवा रंगात मिसळावी लागते.”

“म्हणजे सात टक्के हवा.”

“हो.”

“छान,” मास्तर म्हणाले, आणि कपातला गाळ गवतावर ओतला.

माळावर धुकं उतरलं होतं. शेडपासून पन्नास पावलांवरची बाभळ नुसती बाभळीची आठवण वाटत होती. कुठे तरी शेळ्या ओरडत होत्या, पण त्या डावीकडे आहेत की उजवीकडे, कळत नव्हतं.

“सगळं येतंय तुला. मग अडलंय कुठं?”

निरंजनने मांडीवरचं खोकं उघडलं. आत कापसात विमान होतं. पाठीवर हिरवे आणि मातकट पट्टे, पोट आभाळी. एक ओघळ नाही, एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

“माझे वडील हवाई दलात फिटर होते. हे त्यांचं विमान, ते सांभाळायचे ते. त्यांच्यासाठी केलंय.” तो थांबला. “नऊ वेळा रंगवलं, मास्तर. दर वेळी ते हातात घेतात, खिडकीकडं धरतात... आणि म्हणतात, हे माझं नव्हे.”

मास्तरांनी खोक्यात वाकून पाहिलं.

“डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नाहीत. दिवसांचं बोलतात.”

हे सांगताना त्याची मान खाली गेली. त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. परीक्षकांना खूश करणाऱ्या या हातांना एका म्हाताऱ्याचं समाधान करता येत नव्हतं.

“रासने,” मास्तर पुटपुटले. “यशवंत रासने?”

“ओळखता?”

“त्याच्या विमानाला रंग मीच मारायचो.”

निरंजन उठूनच उभा राहिला. ज्याच्या हातच्या रंगासाठी त्याने पुस्तकं पालथी घातली, चार्ट मागवले, तो माणूस समोर दगडावर बसला होता.

“मग सांगा ना, मास्तर. कुठला हिरवा होता तो?”

“त्या लढाईच्या साली?” मास्तरांनी आठवून पाहिलं. “मिळेल त्या डब्यातला.”

निरंजनला हसावं की रडावं कळेना.

“ते विमान गेलं कसं, हे सांगितलंय का त्यानं तुला?”

“एवढंच, की लढाईत गेलं. सकाळी उडालं, आलं नाही.”

“चाकांखालचे लाकडी ठोकळे त्यानंच काढले होते. ते बगलेत धरून धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. विमान उतरलं की परत घालायचे असतात ना. जेवणाची वेळ झाली, हा उभाच. दिवस मावळला, हा उभाच...” मास्तरांनी कप खाली ठेवला. “शेवटी दोघांनी मिळून ते ठोकळे त्याच्या हातून काढून घेतले. त्यातला एक मी होतो.”

घरात हे कधी कोणी बोललं नव्हतं. बाबा ठोकळे धरून उभे आहेत, हे चित्र निरंजनला धुक्यात स्पष्ट दिसलं. त्यांचं वय तेव्हा तेवीस असणार.

“आण इकडं,” मास्तर म्हणाले.

त्यांनी विमान पोटाखालून धरलं, डोक्याच्या वर उचललं आणि माळावर चालू लागले.

वीस पावलांवर हिरवा आणि मातकट निराळे दिसत होते. चाळीसवर ते एकमेकांत विरघळले. मग विमान गेलं, नुसता वर धरलेला हात राहिला. मग हातही गेला.

“मास्तर?”



किती वेळ गेला कोण जाणे. निरंजन डोळ्यांवर हात आडवा धरून उभा होता. बसावंसं वाटलं नाही. आपली पाठ फिरायची आणि नेमके तेव्हाच ते यायचे, अशी त्याला उगाचच भीती वाटत होती.

मास्तर आले ते रिकाम्या हातांनी.

“विमान?”

“ठेवलं गवतात.”

“कुठं?”

“तिकडं कुठं तरी.”

निरंजन धावला. गवत गुडघ्याएवढं, अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा आल्या वाटेने पाहिलं. मातीच्या प्रत्येक ढेकळाला पंख फुटल्यासारखे वाटायचे, आणि जवळ जावं तर ढेकूळ. घामाघूम होऊन तो परत आला.

“सापडत नाही.”

“म्हणजे रंग चांगला जमलाय,” मास्तर म्हणाले. “लपायचाच रंग होता तो.”

“मास्तर, चेष्टा नको. नऊ महिने घातलेत मी त्यावर. दुसरं करायला वेळ नाही आता.”

“मग इथं कशाला उभा आहेस?”

तो पुन्हा गेला. या वेळी पाऊल टाकायलाही त्याला धास्ती वाटत होती, पायाखाली आलं तर? तो गुडघ्यांवर बसला. मग डोळ्यांवर भरवसा उरला नाही तेव्हा ओणवा होऊन हातांनी गवत चाचपत निघाला. प्रदर्शनं, चार्ट, सात टक्के, यांतलं काहीही त्याच्या मनात नव्हतं. एवढंच होतं, की ते कुठं तरी असू दे.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. दोनदा तो ज्या झुडपाला वळसा घालून गेला, त्याच झुडपाच्या बुडाशी त्याच्या बोटांना पंखाची धार लागली.

“आहेस तर,” तो मोठ्याने म्हणाला. माळावर ऐकायला कोणी नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

शेडपाशी आला तेव्हा धुकं विरळ झालं होतं. त्या उजेडात त्याला विमान नीट दिसलं. पाठीवर दवाचे डाग होते, शेपटीत कुसळं अडकली होती, आणि एका पंखावर काट्याने ओढलेला लांब ओरखडा होता. त्याच्या चिखलाच्या बोटांनी सगळा हिरवा मळवून टाकला होता.

त्याने घाईघाईने खिशातून मऊ फडकं काढलं.

मास्तरांनी त्याच्या हातावर हात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही.

निरंजन थांबला. मग त्याने फडकं परत खिशात घातलं.

“बाबांना सांगू काय, मास्तर? विचारतील, आता कुठला रंग लावलास म्हणून.”

“रंगाचं काही बोलू नकोस,” शांतवन मास्तर म्हणाले. “घरी जा, आणि एवढंच सांग... विमान आलं.”