नासक्या ढिगातली पेरणी

एका जंगलाच्या काठाला, केळीची बाग संपते ना, तिथं एक रानकोंबडी पाच पिल्लांना घेऊन राहत असे. त्या वर्षी रानात वाळवी मिळेना, किडा मिळेना. गवताचं बी टिपून पिल्लांची पोटं भरत, पण पंख काही फुटेनात. आणि पंख नाहीत तर रात्री फांदीवर चढायचं कसं? खाली मुंगूस टपलेलं. सहावं पिल्लू त्यानंच नेलं होतं.

ओढ्याकाठी बागेतली नासकी केळी, कुजक्या पपया अन् कोंडा यांचा ढीग पडलेला असे. वास असा, की कोल्हासुद्धा वळसा घालून जाई. एके दिवशी कोंबडीनं पाहिलं, एक काळी लांबट माशी ढिगावरच्या काटकीच्या भेगेत काहीतरी ठेवत होती. कोंबडीनं मान वाकडी करून विचारलं, "काय गं बाई, या घाणीत काय शोधतेस?"

"शोधत नाही, पेरतेय," माशी म्हणाली. "माझी अंडी आहेत. अळ्या निघतील, हा ढीग खाऊन टम्म फुगतील. तुझ्या पिल्लांना घाल."

"अगं, स्वतःची लेकरं देतेस?"

"शेकड्यांनी आहेत! सगळी जगली तर तुला बसायला जागा उरायची नाही. पण दोन गोष्टी पाळ. अळी पांढरी आहे तोवर उकरू नकोस. पोट भरलं की ती काळी पडते आणि आपणहून वर कोरड्यात येते. अन् शेवटच्या मूठभर सोडून दे. मी काही बघायला नसेन."

वरून कावळा हसला. "कोंबडीला म्हणे उकरू नको! उद्या बेडकाला सांग, डराव डराव करू नको."

आठवड्यात ढीग अळ्यांनी पिठल्यासारखा रटरटू लागला. आणि नवल ऐका, वासच गेला! कावळ्यानं ओढ्याकडची बाजू विस्कटली, चार कोवळ्या अळ्या गिळल्या, बाकीच्या उन्हात वाळून गेल्या. कोंबडीचे पाय तर असे शिवशिवत होते, की ती बिचारी पायांवरच बसून राहिली.

"आई, भूक!" पिल्लं म्हणायची.

"थांबा रे, जेवण चालत येणार आहे."

आणि खरंच आलं. काळ्या अळ्या रांगेनं चढ चढून तिच्यापुढं आल्या. पिल्लांनी दिवसामागून दिवस ताव मारला. शेवटच्या मूठभरांवर मात्र कोंबडीनं पंख धरला. "या नाहीत. या पुढच्या पेरणीच्या."

बघता बघता पिल्लांना पंख फुटले. ज्या संध्याकाळी पाचही जणं फांदीवर चढली, त्या संध्याकाळी मुंगूस खाली नुसतं हुंगत राहिलं.

काही दिवसांनी बागेतून नवा ढीग पडला. त्यावरच्या काटकीवर एक काळी माशी येऊन बसली. ही कोंबडीला ओळखत नव्हती. कोंबडी जवळ गेली अन् हळूच म्हणाली, "पेर गं बाई, पेर. मी राखते."

तात्पर्य : टाकून दिलेल्यातही पोटाला अन्न असतं; पण ते धीरानं थांबणाऱ्याला मिळतं, आणि बियाणं राखणाऱ्याला पुन्हा पुन्हा मिळतं.